गुरुवारची सिस्टर

वीस वर्षं मी मुंबईत हॉस्पिटलांची बिलं तपासली. विमा कंपनीत माझं टेबल होतं आणि त्या टेबलावर रोज फायली येऊन पडायच्या. दोन दिवसांच्या तापाला सात दिवसांची खोली, एकाच गुडघ्याचे तीन एक्स-रे, माणूस घरी गेल्यावरही त्याच्या नावावर लागलेलं सलाइन. डोळ्यांत तेल घालून मी हे शोधायचो आणि सापडलं की मला मनापासून आनंद व्हायचा. ऑफिसातले लोक मागून मला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं. सांगण्यासारखं नाही.

पन्नाशी उलटली आणि बायको आणि मी वेगळे झालो. भांडण असं झालंच नाही. आठवडाभर आपण एकमेकांशी फक्त गॅसच्या सिलिंडरबद्दल बोललो आहोत, हे एका रविवारी दोघांच्याही लक्षात आलं आणि पुढचं सगळं शांतपणे पार पडलं. नोकरीचाही तेव्हाच कंटाळा आला. दवाखान्यांना पैसे कसे द्यावेत यावर अभ्यास करणाऱ्या एका संस्थेला बिलं ओळखणारा माणूस हवा होता, तो मी झालो. त्यांनी मला डहाणूला पाठवलं. आशागडला चिकूच्या वाडीला लागून एक खोली भाड्यानं मिळाली. घरमालक रोज सकाळी ‘केम छो?’ विचारायचे आणि उत्तराच्या आत स्कूटर काढून निघून जायचे.

अभ्यास काय होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपल्याकडे दवाखान्याला पैसे मिळतात ते केलेल्या कामाचे. एक तपासणी, एक इंजेक्शन, एक भेट, प्रत्येकाचे वेगळे. म्हणजे माणूस जितके दिवस आजारी, तितकी दवाखान्याची चलती. आम्हाला हे उलटं करून पाहायचं होतं. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या काही केंद्रांना आम्ही सांगितलं, की तुम्ही किती फेऱ्या मारल्या ते आम्ही विचारणार नाही, माणूस बरा झाला की पैसे. बरा झाला हे कोण ठरवणार? केंद्रानं ठरवलं तर सगळेच बरे होतील. म्हणून त्यासाठी बाहेरचा माणूस, म्हणजे मी. माझ्याकडे एक प्रश्नावली होती. उठता येतं का, पाणी आणता येतं का, चूल पेटवता येते का, असे साधे प्रश्न. ठरलेले गुण मिळाले की माणूस बरा. त्याची फाइल बंद, आणि सिस्टरच्या भेटीही बंद.

भेटी बंद करण्याचा नियम माझा. संस्थेच्या बैठकीत मी त्यासाठी चांगलाच आवाज चढवला होता. बरं झालेल्या माणसाकडे जात राहायचं म्हणजे बिल फुगवायचं, असं मी म्हणालो होतो. एका तरुण डॉक्टरबाईंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, पण मी बोलत सुटलो की कोणाला बोलू देत नाही. नियम पास झाला आणि त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

काम आठवड्याचे पाच दिवस असायचं. पाड्यापाड्यांतून हिंडायचं, घराघरांत जाऊन बसायचं, संध्याकाळी खोलीवर येऊन फॉर्म भरायचे. रस्त्यात माणसं भेटायची, बोलायची, पण ती प्रश्नांची उत्तरं असायची. माझ्याशी म्हणून कोणी काही बोलत नव्हतं. शनिवार-रविवार अंगावर यायचे. डहाणू रोडच्या खानावळीत मी मुद्दाम गर्दीच्या वेळी जायचो, म्हणजे समोरच्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसायचं. भाजी कशी आहे, एवढं तरी बोलणं व्हायचं.

अशा दिवसांत ती भेटली. वेवजीच्या अलीकडे एक पाडा आहे, तिथल्या अगदी शेवटच्या घरात ती एकटी राहायची. भात झोडताना पाय घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. मुलगा-सून वापीला कंपनीत, एका खोलीत सहा माणसं, तिथे आईला कुठे ठेवणार. तिला घरी आणून सोडली आणि मुलगा कामावर परत गेला. आमच्या अभ्यासात ती तेव्हा आली. केंद्राची सिस्टर दर गुरुवारी स्कूटीवरून येणार, तिच्याकडून व्यायाम करून घेणार आणि सहा महिन्यांत तिला उभी करणार, असं ठरलं.

मी तिला पहिल्यांदा भेटलो तेव्हा सवयीनं आजी म्हणालो. ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘आजी कोनाची? तुझे केस बघ आधी. बाय म्हन.’

मी बाय म्हणू लागलो. ती मला पहिल्या दिवसापासून तू म्हणायची. तिकडे सगळ्यांनाच तू म्हणतात, तहसीलदारालाही म्हणतील. पण मला तू म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे मला ते फार बरं वाटायचं.

तीन महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा ती काठी धरून ओटीवर उभी होती. गुरुवारबद्दल बोलताना तिचा चेहरा बदलायचा. सिस्टर आली की आधी अर्धा तास व्यायाम, मग सिस्टर तिच्या केसांना तेल लावून द्यायची, मग दोघी मिळून पाड्यातल्या गेलेल्या-आलेल्या माणसांबद्दल बोलायच्या. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं कामासाठी बाहेर पडतात आणि दारांना दोऱ्या बांधलेल्या दिसतात. तिच्या शेजारच्या दोन्ही घरांना तशा दोऱ्या होत्या. बुधवारी संध्याकाळीच ती ओटी सारवून ठेवायची, असं सिस्टरनं मला एकदा हसत सांगितलं होतं.

सहा महिने पूर्ण झाले. शेवटची प्रश्नावली घेऊन मी सकाळी तिच्याकडे पोचलो. ती ओटीवर पाय पसरून बसली होती. काठी कुठे दिसत नव्हती. मला पाहून तिनं ‘आलास? बस’ म्हटलं आणि मांडीवर हात ठेवून चेहरा पाडला.

‘स्वतःहून उठून उभं राहता येतं का?’

‘नाय.’

‘पाणी आणता येतं का?’

‘पानी? कशी आनू? नाय.’

‘चूल पेटवता येते का?’

‘खाली वाकाया येत नाय तर.’

माझ्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षांची सवय ती. तीन महिन्यांपूर्वी काठी धरून उभी असलेली बाई आता बसल्या जागची हलत नाही म्हणते, आणि तरी तिचं लुगडं धुतलेलं आहे, ओटी ताजी सारवलेली आहे. पण मी सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’ची खूण केली, पेनाचं टोपण लावलं आणि निघायला उठलो.

‘चा न घेता कुठं चाललास?’ ती म्हणाली.

आणि ती उठली. जमिनीला हात न टेकवता, सरळ उठली. आत गेली. मला कुडाच्या भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. लाकडं मोडल्याचा आवाज, मग फुंकणी, मग हंड्यातून पाणी काढल्याचा आवाज. पाणी कमी पडलं असावं, कारण ती मागच्या दारानं कळशी घेऊन बाहेर पडली, हापशावर गेली आणि कमरेवर भरलेली कळशी घेऊन परत आली. मी फॉर्म हातात धरून तसाच उभा होतो. परसातली गवती चहाची पात तोडायलाही ती वाकली. घरी आलेला माणूस चहा न घेता गेला तर तिच्या दृष्टीनं ते घरच नव्हे, आणि त्या धांदलीत ती आपलं दुखणं साफ विसरली होती.

दोन कप घेऊन ती उंबऱ्यावर आली तेव्हा एक थेंब सांडलेला नव्हता. कप माझ्या हातात देताना तिची नजर फॉर्मवर गेली. मग ती हळूच खाली बसली, पाय पसरले आणि मांडीवर हात ठेवला. मला हसू आलं आणि लगेच ते गेलंही. आम्ही दोघं मान खाली घालून कोरा चहा प्यायलो.

‘सिस्टर येईल ना गुरवारी?’ तिनं विचारलं.

‘येईल,’ मी म्हणालो.

वीस वर्षांत खोटी फाइल माझ्या हातून सुटली नव्हती. आता माझ्याच अक्षरात एक तयार झाली होती. जीपमध्ये बसल्यावर मी स्वतःला समजावलं, की बिचारीला अजून तीन महिने, पुढच्या तपासणीपर्यंत, सिस्टर मिळेल, कोणाचं काय बिघडतं? हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. तिची फाइल बंद झाली असती तर माझंही तिकडे जाणं बंद झालं असतं. ‘नाही’च्या त्या सगळ्या खुणा मी तिच्यासाठी जितक्या केल्या तितक्याच माझ्यासाठीही केल्या होत्या. हे मला तेव्हाही कळत होतं.

पंधरा दिवसांनी कासा गावी आमची महिन्याची बैठक होती. बैठक संपल्यावर सिस्टर माझ्यामागून पायऱ्या उतरून आली. चाळिशीची, भरभर चालणारी, भरभर बोलणारी बाई. केंद्रातल्या सगळ्यांशी तिचं हसून-खेळून असायचं. त्या दिवशी ती हसत नव्हती.

‘सर, आजीला उठता येत नाही असं लिहिलंय तुम्ही.’

‘प्रश्नाला तिनं तसं उत्तर दिलं,’ मी म्हणालो. हे शब्दशः खरं होतं, आणि अशी शब्दशः खरी उत्तरं मी पूर्वी हॉस्पिटलवाल्यांकडून खूप ऐकली होती.

‘मागच्या गुरुवारी ती माझ्यासोबत नाल्यापर्यंत चालत आली. सर, तुम्ही पाहिलं नाही का तिला चालताना?’

मी हातातल्या फायली बॅगेत घालू लागलो.

‘केंद्राचे पैसे कमी झाले त्याचं मला काही नाही, वरचे बघतील. सहा महिने मी तिचा पाय हातात धरून बसले, ते तुम्ही पुसून टाकलंत. तेही जाऊ द्या.’ तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि परत ठेवला. ‘माझ्याकडे एका वेळी आठच फायली असतात, हा तुमचाच नियम आहे. एक बंद झाली की दुसरी मिळते. ताडावरून पडलेला एक माणूस दीड महिना घरी पडून आहे. कमरेखाली जोर नाही. पाठीला जखमा व्हायला लागल्यात. आजीची फाइल बंद झाली की गुरुवार त्याला देते, असं मी त्याच्या बायकोला सांगून बसले होते.’

‘तिच्याकडे दुसरं कोणी येत नाही,’ मी म्हणालो.

‘मला माहीत नाही का ते?’ सिस्टर म्हणाली. ‘मला काय तिथून निघताना चांगलं वाटतं? पण गुरुवार एकच आहे ना सर.’

ती स्कूटी काढून गेली. मी पायरीवर बसून राहिलो. आठ फायलींचा आकडा, सहा महिने, गुणांचं कोष्टक, सगळ्या बैठकांना मी हजर होतो. प्रश्नावलीत चुलीचा प्रश्न होता, पाण्याचा होता. घरी कोण येतं, हा प्रश्न नव्हता. बैठकीत त्या डॉक्टरबाई बहुधा तेच विचारणार होत्या. आणि मी तो कधी घातला नसता, कारण मग तो मलाही कोणी विचारला असता.

त्याच दुपारी मी मुंबईला संस्थेत फोन करून सांगितलं, की माझ्याकडून एक फॉर्म चुकीचा भरला गेला आहे. जाणूनबुजून, असंही सांगितलं. आता चांगली खरडपट्टी निघेल, कदाचित नोकरी जाईल, म्हणून मी तयारीत होतो. पलीकडचा पोरगा म्हणाला, ‘होतं सर असं फील्डवर. नवीन फॉर्म भरून पाठवा, जुना डिलीट करतो.’ दोन मिनिटांत फोन संपला. कोणी रागावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाड्यावर गेलो. बाय परसात होती. मला बघून या वेळी ती बसली नाही, हातातला विळा भिंतीला टेकवून उभीच राहिली. वेळेआधी आलेला माणूस चांगलं सांगायला येत नाही, हे तिला माझ्याआधी कळलं असावं.

मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मी खोटं लिहिलं, ते आता खरं करायचं आहे. खरं लिहिलं की सिस्टर येणार नाही.

‘कधीच नाय?’

‘कधीच नाही असं नाही. रस्त्यात भेटेल. पण गुरुवारी नाही.’

‘मग गुरवारी ती कुठं जानार?’

मी तिला ताडावरून पडलेल्या माणसाबद्दल सांगितलं. ती ऐकत राहिली. त्याचं गाव विचारलं, वय विचारलं, बायको आहे का विचारलं. पाठीला जखमा होतायत म्हटल्यावर तिनं तोंडातून च्च केलं. मग ती ओटीवर आली आणि समोर बसली.

‘विचार तुझं काय ते.’

मी प्रश्नावली काढली. उठता येतं का? येतं. पाणी आणता येतं का? आनते. चूल? पेटवते. प्रत्येक उत्तर ती सरळ माझ्याकडे बघून देत होती आणि मला वर बघवत नव्हतं. एकेका उत्तरासरशी आपला गुरुवार आपण देऊन टाकतोय, हे तिला पक्कं माहीत होतं. शेवटच्या प्रश्नावर ती थांबली. प्रश्न असा होता, की कोणाच्या मदतीशिवाय मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन येता येतं का?

‘ते मला ठाव नाय. गेलेच नाय. तिकडं कशाला जाऊ?’

‘मग काय लिहू?’

तिनं थोडा विचार केला आणि उठून दाराला दोरी बांधली. ‘चल. बघू.’

रस्ता पाड्यापासून माझ्या पायांनी वीस मिनिटांवर. आम्हाला पाऊण तास लागला. आधी भाताची रिकामी खाचरं, मग नाला, मग चढ. नाल्याच्या उतारावर मी हात पुढे केला तर तिनं तो बाजूला केला. ‘मदत नाय घ्यायची ना? मग?’ चढावर ती दोनदा थांबली. दुसऱ्या वेळी मला सांगू लागली, की तिचा नवरा असताना ती याच चढावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन तलासरीच्या बाजारला जायची. नवऱ्याबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. मी बायकोबद्दल काही सांगेन म्हणून ती थांबली असावी, पण मी ‘चढ मोठा आहे’ एवढंच म्हणालो.

रस्त्यावर जीप उभी होती. ड्रायव्हर टपावर हात आपटून तलासरी तलासरी करत होता. आत दाटीवाटीनं माणसं बसली होती, तरी त्याला अजून दोन सीटा हव्या होत्या. मी चढून बसलो. त्यानं बायकडे पाहिलं.

‘चल ना म्हातारे. एकच सीट पायजे.’

‘मी नाय येत,’ ती म्हणाली. ‘याला पोचवाया आले.’

मी मांडीवर फॉर्म ठेवून शेवटची खूण केली. पूर्ण गुण. आमच्या सबंध अभ्यासात इतके गुण मोजक्याच माणसांना मिळाले होते. मी ते तिला ओरडून सांगितलं, तशी ती हसली आणि गुण म्हणजे काय ते तिनं विचारलं नाही. पदरानं तोंड पुसून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. जीप भरेपर्यंत थांबायचं, पोचवायला आलेल्या माणसानं मध्येच जायचं नसतं, म्हणून ती उभी होती. मी मनात म्हणत होतो, की ती एक सीट मिळू नये.

ड्रायव्हरच कंटाळला आणि त्यानं सीट रिकामी ठेवून गाडी काढली. मागच्या काचेतून ती बराच वेळ दिसली. परत फिरली नव्हती, तशीच उभी होती, दोन्ही पायांवर, काठीशिवाय.

पुढच्या गुरुवारी सिस्टर दुसऱ्या पाड्यावर गेली. माझ्या फेऱ्या आता आठवड्यातून तीनच दिवसांवर आल्या होत्या; त्या गुरुवारी मला काही काम नव्हतं, आणि त्यानंतरचे कितीतरी गुरुवार मी खोलीत मोकळाच बसून होतो. हे बायला सांगायचं तेवढं राहून गेलं.